कान तुटलेला कप

कबुली हा शब्द आमच्या वस्तीला चौकीमुळं ठाऊक. फौजदारानं पट्टा काढला की माणूस न केलेली चोरीसुद्धा कबूल करतो. त्यामुळं कुणी मारत नसताना माणूस आपल्या पायांनी कबुली द्यायला जातो, हे मला कधी पटलंच नव्हतं.

रेवदंड्याहून साळावचा पूल ओलांडला की पुढं कोर्लई. १७४० साली पोर्तुगीजांचं राज्य इथून उठलं, पण कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजातून घडलेली बोली अजून घरात बोलतात. माझा एक दोस्त तिथला. ईस्टरच्या आधी तो कन्फेशनला जातो. मी रजेवर घरी आलो होतो, त्याच्यासंगं गेलो. तो चर्चमध्ये मागच्या बाकावर अर्धा तास एकटाच बसून राहिला. बाहेर आल्यावर विचारलं,

"काय करत होतास रे?"

"हिशोब. फादरकडं जायच्या आधी आपलं आपण तपासायचं. दहा आज्ञा एकेक घ्यायच्या. कुठली मोडली, किती वेळा मोडली. करायला पाहिजे होतं ते केलं नाय, तेही धरायचं."

"आणि ज्यांनी तुला छळलं त्यांचं?"

"त्यांचं ते सांगतील. आत फक्त माझं."

हे शेवटचं वाक्य मला काट्यासारखं रुतलं.

१५५१ साली त्रेंतच्या धर्मसभेनं ठरवलं, की मोठं पाप मोघम सांगायचं नाही. प्रकार सांगायचा, संख्या सांगायची. मी सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. तिथं 'धागे तुटतायत' म्हणून ओरडून भागत नाही. कुठल्या साच्यावर, किती, ते सांगावं लागतं. म्हणून हा हिशोब मला लगेच कळला.

पण दोस्तांनो, आत्मपरीक्षण म्हटलं की आपली पोरं उखडतात. का नाही उखडणार? आपल्याला आपला जन्मच पाप म्हणून सांगितला गेला. याच जिल्ह्यातलं महाड. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले. सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या १०८ घागरी ओतून तळं शुद्ध केलं. पाण्याला ओंजळ लावली, हे आमचं पाप. आणि ज्यांनी त्याच दिवशी आमच्या माणसांची डोकी फोडली, त्यांनी कुठल्या घागरीत आपलं तोंड बघितलं? म्हणून आपण म्हणतो, आधी त्यांची तपासणी, मग आमची. मीही हेच म्हणत आलो.

आता माझं सांगतो.

जयंतीला मी कविता वाचली. माझ्या बानं हॉटेलाबाहेर उकिडवं बसून कान तुटलेल्या कपातून चहा प्याला, त्यावर. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी एक कातकरी म्हातारा लाकडाची मोळी घेऊन दारात आला. आयनं त्याला चहा दिला. पडवीच्या कोनाड्यातला कप काढला. कान तुटलेला. तो चहा प्याला, कप स्वतः विसळला, पुन्हा कोनाड्यात ठेवला. त्याला कुणी सांगावं लागलं नाही. मी बघत होतो. कवितेचा कागद माझ्या खिशात होता.

प्रकार? गप्प बसणं. संख्या? तो कप मी लहानपणापासून बघतोय. मोजता येत नाही.

म्हातारा गेल्यावर विचारलं, "आय, त्याचा कप येगळा का?"

"आरं, तो आपनच त्यात मागतो. त्यांची रीतच हाय ती."

बाला चहा देणारा हॉटेलवाला दुसरं काय म्हणत असेल? बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटलं, ते मी पाठ केलं होतं. पण त्या शिडीत माझ्या पायाखाली कुणाचा खांदा आहे, ते वाकून बघितलं नव्हतं.

ही तपासणी आपल्याला परकी नाही. बुद्धानं राहुलाला विचारलं, आरसा कशासाठी? मग सांगितलं, कृती करण्याआधी, करताना आणि केल्यावर तिच्याकडं तसंच बघ. चुकलं तर जाणत्या सोबत्यापुढं उघड कर, पुन्हा करू नको. राहुलाला केलेल्या उपदेशाचं नाव अशोकानं भाब्रूच्या शिलालेखात कोरून घेतलंय. इथं जन्म तपासत नाहीत, कृती तपासतात. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

पण कोर्लईच्या दोस्ताशी माझं एक भांडण आहे. तिरुचिरापल्लीत एका कॅथलिक दफनभूमीत दलितांची थडगी आणि सवर्णांची थडगी यांच्यामध्ये भिंत उभी राहिली. तिथल्या किती माणसांनी मागच्या बाकावर बसून आपली पापं मोजली असतील! त्या याद्यांत ही भिंत किती वेळा आली? भारतातल्या बिशपांनी चर्चमध्ये अस्पृश्यता असल्याचं धोरण काढून मान्य केलं ते २०१६ साली. म्हणजे एकट्यानं केलेल्या यादीत चोरी येते, शिवी येते, रीत येत नाही. रीत सगळ्यांचीच असते, म्हणून ती कुणालाच दिसत नाही. दिसते फक्त तो वेगळा कप ज्याच्या हातात असतो त्याला. आरसा त्याच्याकडं मागायला पाहिजे. आणि माफीसुद्धा बंद पेटीत मागायची नाही, त्याच्यापुढं मागायची. चोरीचा माल परत कर, असं तर कॅथलिक धर्मही सांगतो.

परवा म्हातारा आला. मी कोनाड्यातला कप स्वतः घेतला, माझा त्याला दिला. तो अवघडला. "नको दादा, आय रागवंल." आय खरंच रागावली. दोन दिवस बोलली नाही. म्हाताऱ्यानं मला माफ केलं का, ते त्यानं सांगितलं नाही. सांगायला तो बांधलेला नाही.

१४ ऑक्टोबरला आपण बावीस प्रतिज्ञा पुन्हा म्हणू. त्याआधी अर्धा तास गप्प बसू. समतेची प्रतिज्ञा घेऊ आणि मोजू. आपल्या मंडळात मांगाचा पोरगा किती वेळा बोलला? बैठकीनंतर कप कुणी विसळले, आयाबहिणींनीच ना? वर्गणीचा हिशोब कुणाला दाखवला? कातकरवाडीत भाषणाशिवाय कधी गेलो?

मोघम नको. संख्या सांगा. माझी मी सांगितली.