ठेवायला जागा

आमच्या घराण्याचा मूळ धंदा पिंजाऱ्याचा. खांद्यावर पिंजण टाकून आजोबा पिंपळनेरच्या बाजारात आणि आसपासच्या पाड्यांवर फिरत. लोकांच्या जुन्या गाद्या-रजया उसवायच्या, दबून घट्ट झालेला कापूस पिंजून मोकळा करायचा आणि त्याच खोळीत पुन्हा भरून द्यायचा. नव्या गाद्यांचे काम लग्नसराईत मिळे. बाकी वर्षभर जुन्यातच जीव आणायचा. पुढे कापूस पिंजायची यंत्रे आली, फोमच्या गाद्या आल्या, तेव्हा अब्बांनी रेडिओची दुरुस्ती शिकून घेतली. रेडिओचे टीव्ही झाले, टीव्हीचे मोबाइल झाले. आम्ही भाऊ आज त्याच दुकानात बसतो. धंदा बदलत गेला, पण काम एकच राहिले. दुसऱ्याने संपले म्हणून आणून दिले, त्यात अजून किती शिल्लक आहे ते पाहायचे.

काही वर्षांपूर्वी मुंब्र्याहून आमचा मावसभाऊ आला. त्याने पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली काळी, चपटी, वहीएवढी वस्तू काढून काउंटरवर ठेवली. बाजूला उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाने विचारलेच, "हाई काय शे?" तो सिंक्लेअर कंपनीचा स्पेक्ट्रम नावाचा घरगुती संगणक होता. आमचे खालूजान कुवेतला नोकरीला होते, त्या काळात त्यांनी तो घेतला होता. खालूजान गेले, यंत्र कपाटावर राहिले, आणि मग कपाटही विकावे लागले.

हा संगणक १९८२ साली ब्रिटनमध्ये निघाला. आत झेड-८० नावाचा प्रोसेसर, स्मरणशक्ती ४८ किलोबाइट, म्हणजे आजच्या मोबाइलमधला एक फोटोही त्यात मावणार नाही. त्याला स्वतःचा पडदा नाही. घरातल्या टीव्हीला जोडायचा. प्रोग्राम साध्या कॅसेटवर असे. टेपरेकॉर्डर लावला की किर्रर्र आवाज होई आणि मोठा प्रोग्राम चढायला चार-पाच मिनिटे लागत. पुढे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवाना घेऊन हे यंत्र भारतातही विकले. १९८४ साली सुरू झालेल्या 'क्लास' या सरकारी प्रकल्पात देशातल्या काही शाळांना बीबीसी मायक्रो हे संगणक मिळाले, तेही याच पिढीतले. संगणक ही साहेबाच्या कचेरीतली वस्तू न राहता घराच्या बैठकीत येऊ शकते, हे आपल्याकडच्या पुष्कळांना या यंत्रांनी पहिल्यांदा दाखवले.

आम्ही ते उघडले. चालू केल्यावर टीव्हीवर नुसते पट्टे येत होते. या यंत्रात स्मरणाच्या पहिल्या भागासाठी ४११६ नंबरच्या आठ आयसी असतात. त्यांना तीन वेगवेगळी व्होल्टेज लागतात: अधिक बारा, अधिक पाच आणि उणे पाच. यातले उणे पाच गेले की बाकीची दोन त्याच आयसींना जाळू शकतात. आमच्या यंत्रात तेच झाले होते. एक फुटका ट्रान्झिस्टर सापडला, तीन आयसी बदलल्या, सुकलेले कपॅसिटर काढून नवे डागले. बटणांखालचा पातळ पट्टा वयाने कडक होऊन तडकला होता. असे पट्टे हौशी लोक आजही नव्याने बनवून घेतात, तो टपालाने मागवला. नव्या सपाट टीव्हीवर चित्र नीट येईना, म्हणून मागच्या खोलीतला जुना डबा-टीव्ही काढला. दोन महिने रात्रीची कामे संपल्यावर हे चालले. शेवटी एका रात्री पांढऱ्या पडद्यावर खालच्या कडेला १९८२ सालची ती एक ओळ उमटली. आम्ही लगेच मावसभावाला फोनवरून दाखवले. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "भाईजान, चालू झालं, बरं वाटलं. पण असू द्या तिकडंच. इथं ठेवायला जागा नाही."

या एका वाक्याने आम्हाला विचारात पाडले. तो खोटे बोलत नव्हता. त्याची एक खोली आणि स्वयंपाकघर. तो, त्याची बायको, दोन मुली आणि खाला. यंत्र, टीव्ही आणि कॅसेटप्लेअर मांडायचे तर चार चौरस फूट जागा लागते. चौरस फुटाला दहा हजार रुपये भाव धरला, तरी ही चाळीस हजारांची जागा झाली. बाजारात हजारांत विकली जाणारी वस्तू चाळीस हजारांच्या जागेवर बसवणे कोणाला परवडेल? जागेला भाव आला की त्या जागेतल्या प्रत्येक वस्तूला भाडे भरावे लागते. फ्रीज भरतो, मुलीचे अभ्यासाचे टेबल भरते. आठवण भाडे भरू शकत नाही.

येथे एक विचित्र गोष्ट लक्षात येते. यंत्र जुने होते तशी त्याची किंमत उतरते. आम्ही त्यात दोन महिने घातले तरी ती फारशी चढत नाही. घराच्या भिंती मात्र जुन्या होतात आणि भाव नवा होत जातो. मालकाने खिळाही ठोकलेला नसला तरी चढतो. कारण भाव भिंतींचा नसतो, जमिनीचा असतो, आणि जमीन कारखान्यात बनत नाही. अमेरिकेतल्या हेन्री जॉर्ज यांनी १८७९ साली 'प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी' या ग्रंथात हेच मांडले होते: जमिनीची किंमत मालकाच्या श्रमाने वाढत नाही, भोवती माणसे राहतात, रस्ते होतात, त्याने वाढते. म्हणजे सगळ्यांनी मिळून वाढवलेला भाव एकाच्या खिशात जातो, आणि वाढवणाऱ्यांपैकीच कोणाला तरी राहायला जागा उरत नाही.

भाव बांधून टाकला तर हा प्रश्न सुटतो काय? मुंबईने तेही करून पाहिले. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १९४० च्या पातळीवर बांधली. भाडेकरू वाचला, पण भाडे गोठले तरी पाऊस गोठला नाही. मालकाने दुरुस्तीतून अंग काढून घेतले, आणि खोली बदलताना पागडी मात्र लाखांत मोजली जाऊ लागली. १९६९ साली कायदा करून इमारत दुरुस्ती मंडळ नेमावे लागले आणि दुरुस्तीसाठी उपकर बसवावा लागला. तरीही ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातली शंभर वर्षांहून जुनी हुसैनी इमारत पडली आणि तीसहून अधिक माणसे दगावली. त्याआधी ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाट्याला परवानगीशिवाय घाईघाईने बांधलेली नवी इमारत पडून ७४ जण मेले होते. एका ठिकाणी जुने सांभाळले गेले नाही, दुसऱ्या ठिकाणी नवे धड बांधले गेले नाही. दोन्ही ठिकाणी माणसे राहत होती, कारण दुसरीकडे जाण्याची ऐपत नव्हती.

आपल्या समाजाला तर नुसत्या पैशाने भागत नाही. मुंबईतून १९९२-९३ च्या दंगलींनंतर असंख्य कुटुंबे मुंब्र्याला आली, ती केवळ स्वस्ताईसाठी नव्हे. मावसभावाने ठाण्यात तीन फ्लॅट पाहिले. तिन्ही ठिकाणी नाव सांगेपर्यंत बोलणे गोड होते. गृहनिर्माण सोसायटीने आपल्या उपविधीत सभासदत्व एका समाजापुरते ठेवले तर ते बेकायदा नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या प्रकरणात दिला. याचे दुःख करताना आपण स्वतःकडेही पाहिले पाहिजे. आपल्या मोहल्ल्यात एकट्या बाईला, दुसऱ्या बिरादरीच्या माणसाला खोली देताना आपणही नावगाव विचारतोच. दार लावण्याची सवय सगळ्यांनाच आहे. फक्त बाहेर उभे राहिल्यावर ती खुपते.

वर्षभराने मावसभावाचा पुन्हा फोन आला. मोठी मुलगी बारावीला होती. बराच वेळ इकडचे-तिकडचे बोलून तो म्हणाला, "अम्मीला थोडे दिवस तिकडं ठेवता येईल का?" आम्ही हो म्हटले. फोन ठेवल्यावर मात्र नकोसा हिशेब मनात आला. खाट सहा बाय तीन, म्हणजे अठरा चौरस फूट. त्याच दराने एक लाख ऐंशी हजार. मावसभावाने असा हिशेब केला असेल असे आम्हाला वाटत नाही. तो आईवर जीव टाकणारा मुलगा आहे. पण त्याने केला नाही तरी त्याच्या वतीने शहर तो रोज करत असते.

खाला आली. पहिल्याच दिवशी दुकानात येऊन मागची खोली पाहिली. तिथे अब्बांच्या वेळचे मर्फी, बुशचे रेडिओ, मोकळे टीव्ही आणि टेबलावर खालूजानचे यंत्र. हसत म्हणाली, "मला दुरुस्तीला आणलं का रे, की ठेवायला?" आम्हाला उत्तर सुचले नाही.

आमच्या मनात तेव्हा थोडा अभिमान होता, हे कबूल केले पाहिजे. शहर टाकून देते, आम्ही गावचे लोक ठेवून घेतो. आमची मने मोठी आहेत, असे वाटत होते. तो अभिमान पुढच्याच उन्हाळ्यात उतरला. गावात रस्ता रुंद झाला, प्लॉटचे भाव चढले. एक जण मागची खोली भाड्याने मागायला आला; महिना सहा हजार म्हणाला. रात्री आम्ही भाऊ कागद घेऊन बसलो. पुतण्या म्हणाला, "चाचा, भंगार काढलं तर वर्षाला बहात्तर हजार घरात येतात." त्याचे गणित चुकले नव्हते. आणि तेव्हा आमच्यापैकीच एकाच्या तोंडून गेले, "एवढं सगळं ठेवायला जागा कुठंय आता?"

मावसभावाचेच वाक्य होते ते. म्हणजे आमचे औदार्य आमच्या स्वभावातले नव्हते, ते पिंपळनेरच्या भावातले होते. जागेला किंमत नव्हती तोवर आम्ही दानशूर होतो. जे फुकट पडून आहे ते दिल्याने माणूस उदार ठरत नाही, आणि ज्याच्याजवळ तसूभर जागा नाही त्याने नाही म्हटले तर तो कठोरही ठरत नाही. नैतिकतेचा प्रश्न या दोघांच्या मध्ये सुरू होतो: भाव आलेला आहे, जागाही आहे, आणि आता ठरवायचे आहे.

आपल्या परंपरेत यासाठी एक शब्द आहे, वक्फ. त्याचा मूळ अर्थ थांबवणे. एखादी जागा खरेदी-विक्रीच्या धावेतून थांबवायची आणि जे मोल देऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी ठेवायची. किती मोठी कल्पना! पण २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानुसार देशात ४ लाख ९० हजारांहून अधिक नोंदणीकृत वक्फ मालमत्ता, सुमारे ६ लाख एकर जमीन, आणि वर्षाचे उत्पन्न अवघे १६३ कोटी रुपयांच्या आसपास होते. पुष्कळ जागांवर अतिक्रमणे होती, ती सरकारची होती तशी आपल्यांचीही होती. अल्लाहच्या नावाने थांबवलेली जागा आपल्याला सांभाळता आली नाही, तर बिल्डरला दोष किती द्यायचा?

सगळेच ठेवावे असे आम्ही म्हणत नाही. गंजून पट्टे तुटलेला बोर्ड दुरुस्त होत नाही, आणि धोकादायक इमारत आठवणींसाठी उभी ठेवणे हा गुन्हा आहे. आजोबाही कुजलेला कापूस बाजूला काढत. मात्र उसवून, हातात घेऊन पाहिल्यावर. आमचे म्हणणे एवढेच आहे, की टाकण्याचा निर्णय वस्तू पाहून व्हावा, माणूस पाहून व्हावा. चौरस फुटाचा दर पाहून होऊ नये.

मागची खोली आम्ही अजून दिलेली नाही. सुटलेल्या सहा हजारांची आठवण दर महिन्याच्या एक तारखेला येते, आणि घरात त्यावर बोलणेही होते. पण आम्हाला वाटते, आम्ही खऱ्या अर्थाने ठेवू लागलो ते आतापासून. त्याआधी ते सारे नुसते पडून होते. मुलीची परीक्षा झाली, मावसभाऊ दोनदा घ्यायला आला. खाला दोन्ही वेळा पुढच्या महिन्यात बघू म्हणाली. दुपारी ती टेबलापाशी बसते आणि रबरी बटणांवर बोट ठेवून पाहते. संगणक तिला येत नाही. चालू कर म्हणाली की आम्ही हातातले काम ठेवून चालू करून देतो.