दोन ओळींमधला आवाज

अमेरिकेत कंट्री संगीतातला एखादा जुना गायक गेला की थोड्याच दिवसांत दूरचित्रवाणीवर त्याच्या स्मरणार्थ कार्यक्रम होतो. नॅशव्हिलचा झगमगता मंच, आजचे लोकप्रिय गायक, मागच्या पडद्यावर दिवंगताची कृष्णधवल छायाचित्रं आणि त्याची चार-पाच गाजलेली गाणी. बहुतेक प्रेक्षक गहिवरतात. त्याच वेळी एक छोटा आणि चिवट श्रोतृवर्ग मात्र वैतागलेला असतो. हे स्टील गिटारचे चाहते. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. स्टीलवर कोण बसलं होतं? त्याचा तुकडा आला नेमका तेव्हा कॅमेरा प्रेक्षकांतल्या रडणाऱ्या चेहऱ्यांकडे का वळला? मूळ ध्वनिमुद्रिकेतली सुरुवात का छाटली? एवढ्या मोठ्या सोहळ्यात यांना एका वाद्याचं पडलंय, असं म्हणून या मंडळींची चेष्टा करणं अगदी सोपं आहे. माझ्या मते ही कुरकुर गांभीर्यानं घ्यायला हवी. गाणं म्हणजे नेमकं काय आणि ते कोणाचं, याविषयीचा एक दावा तिच्या पोटात आहे, आणि तो दावा बहुतांशी बरोबर आहे.

ज्यांनी हे वाद्य पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडा तपशील द्यायला हवा. पेडल स्टील गिटार गळ्यात अडकवत नाहीत. ती चार पायांच्या अरुंद मेजासारखी उभी असते आणि वादक तिच्यामागे बसतो. तारा दहा. डाव्या हातात पोलादाचा गुळगुळीत गोल दांडा. तो तारांवर नुसता टेकवून सरकवायचा, तार दाबायची नाही. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटांत नख्या. डावा पाय पेडल्सवर, गुडघे खाली लोंबणाऱ्या खटक्यांशी आणि उजवा पाय आवाज कमीजास्त करणाऱ्या वेगळ्या पेडलवर. म्हणजे दोन्ही हात, दोन्ही पाय आणि दोन्ही गुडघे कामाला. नॅशव्हिलमध्ये रूढ असलेल्या ई-नाइन जुळणीतली एक अगदी प्राथमिक करामत पाहा. 'ई' हा षड्ज धरला तर तारांवर सा-ग-प वाजतायत. वादक दांडा जागचा न हलवता डाव्या पायानं शेजारशेजारची दोन पेडल्स दाबतो. गंधार चढत मध्यमावर जातो, पंचम चढत धैवतावर जातो आणि षड्ज मात्र होता तिथेच राहतो. मींड आपल्या कानाला नवी नाही. पण आपल्या मींडेत एक स्वर दुसऱ्याकडे जातो. इथे एक स्वर स्थिर असतो आणि त्याला घासून दोन स्वर सरकतात, कधी एकदम, कधी एक किंचित आधी नि दुसरा किंचित मागून. किती मागून, ही ज्याच्या त्याच्या पायाची सवय. त्यावरून जाणकार श्रोते डोळे मिटून वादकाचं नाव सांगतात. कंट्री कधी न ऐकलेल्यांच्याही कानावरून हा आवाज गेला असण्याची शक्यता आहे: १९७० सालच्या 'टीच युवर चिल्ड्रन' या गाण्यात मागे जेरी गार्सियानं वाजवलेली पेडल स्टील आहे.

आता या वाद्याचं गाण्यातलं काम काय, हा खरा मुद्दा. कंट्री गाण्यात स्टील बहुधा गायकावर कुरघोडी करत नाही. गायकाची ओळ संपते, तो श्वास घेतो आणि त्या फटीत स्टील बोलते. हँक विल्यम्सच्या ध्वनिमुद्रिका ऐकाव्यात. तो १९५३ च्या १ जानेवारीला अवघ्या २९ व्या वर्षी गेला. त्याच्या गाण्यांतला एकाकीपणा सगळे त्याच्या गळ्याच्या खाती जमा करतात. पण त्या गळ्याच्या वरच्या अंगाला, टोकदार पट्टीत डॉन हेल्म्सची बिनपेडलची स्टील सतत उत्तर देत असते. निर्माते फ्रेड रोज यांनी हेल्म्सला वरच्याच स्वरांत राहायला सांगितलं होतं. 'कोल्ड, कोल्ड हार्ट'मधून ती स्टील काढून टाका. उरेल ती एका माणसाची तक्रार. स्टीलसह ऐका; ती तक्रार कोणीतरी ऐकून घेतंय असं वाटतं. बक ओवेन्सच्या १९६४ सालच्या 'टुगेदर अगेन'मध्ये टॉम ब्रमलीनं वाजवलेला मधला तुकडा तर असा आहे, की गाण्याचा अर्थच तिथे फिरतो. शब्द पुन्हा भेटल्याचा आनंद सांगतात आणि स्टील त्या आनंदाखालचं सगळं दुखणं सांगते. अशा ठिकाणी वादकाला साथीदार म्हणणं अपुरं आहे. गाण्याचा निम्मा आशय त्यानं उभा केलेला असतो.

आपल्याला हे चटकन जाणवत नाही, याला कारण आहे. स्टील गिटार भारतात हवाईयन गिटार म्हणून आली. हवाईचे कलावंत टाऊ मो १९४० च्या दशकात कोलकात्यात राहिले. पुढे मुंबईत व्हॅन शिप्ली यांनी इलेक्ट्रिक गिटारवर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या तबकड्या घरोघर पोचल्या आणि त्यांतल्या कित्येकांवर अकॉर्डियनवादक इनॉक डॅनियल्स त्यांच्या जोडीला होते. मुखपृष्ठावर वादकाचं नाव ठसठशीत. पण तिथे गिटार गायकाच्या जागी बसली होती. लता किंवा मुकेश यांची ओळ ती स्वतः 'गात' होती. त्यामुळे हवाईयन गिटार म्हणजे गळ्याची नक्कल, अशी आपल्या कानांची समजूत झाली. कंट्रीतली स्टील नक्कल करत नाही, संवाद करते.

हे ध्यानात घेतलं की दूरचित्रवाणीवरच्या श्रद्धांजलीत नेमकं काय हरवतं ते दिसतं. अशा कार्यक्रमांचा लाडका प्रकार म्हणजे गाण्यांची माळ. लॉरेटा लिन २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये गेल्या. नोव्हेंबरमध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनच्या पुरस्कार सोहळ्याची सुरुवातच कॅरी अंडरवूड, मिरांडा लॅम्बर्ट आणि रीबा मॅकेंटायर यांनी लॉरेटांच्या गाण्यांच्या माळेनं केली. प्रत्येकीला एक गाणं आणि शेवटी तिघींनी मिळून 'कोल मायनर्स डॉटर'. गळे उत्तम, भावना खरी. पण माळ ओवायची तर प्रत्येक गाणं छाटावं लागतं आणि छाटताना पहिली कात्री चालते ती सुरुवातीच्या तुकड्यावर, दोन कडव्यांमधल्या वादनावर आणि शेवटच्या वळणावर. म्हणजे स्टीलला जिथे बोलायला जागा असते, नेमक्या त्याच ठिकाणांवर. ही छाटणी वेळेच्या हिशेबानं होते, कुणाच्या आकसानं नाही. पण परिणाम तोच. वेळेची ही दमदाटी गायकांनाही सुटलेली नाही. १९९९ साली याच सोहळ्यात जॉर्ज जोन्स यांना 'चॉइसेस' हे गाणं आखूड करून गायला सांगितलं गेलं, तेव्हा ते आलेच नाहीत. अ‍ॅलन जॅक्सननं स्वतःचं गाणं मध्येच तोडून 'चॉइसेस'चा तुकडा गायला आणि तो मंचावरून निघून गेला. कंट्रीच्या इतिहासात हा निषेध अजून अभिमानानं सांगितला जातो. गायकाचं कडवं छाटलं तर तो अपमान ठरतो. वादकाचं कडवं मात्र दरवर्षी छाटलं जातं आणि तो तांत्रिक प्रश्न ठरतो.

यावर एक व्यवहारी उत्तर असं दिलं जातं, की वादकाला त्याचे पैसे मिळालेले असतात. मिळालेले असतात, पण किती आणि कसे? नॅशव्हिलमध्ये स्टुडिओतला वादक तीन तासांच्या सत्राप्रमाणे संघटनेनं ठरवलेला मोबदला घेतो आणि घरी जातो. गाण्याचं स्वामित्वधन शब्द लिहिणाऱ्याला आणि चाल बांधणाऱ्याला. ब्रमलीचा तो तुकडा कितीही अजरामर झाला तरी कायद्याच्या लेखी तो 'टुगेदर अगेन'चा भाग नाही. ते गाणं बक ओवेन्सचं. शिवाय अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं तर गायक-वादकांना काहीच मिळत नाही. उपग्रह आणि इंटरनेटवरच्या रेडिओतून जे येतं, त्यातला ५ टक्के वाटा मुख्य कलाकार सोडून बाकी सगळे वादक आणि सहगायक यांच्यासाठी मिळून असतो. राल्फ मूनीसारखा एखादा स्टीलवादक 'क्रेझी आर्म्स'चा सहलेखक म्हणून नाव लावू शकला, पण असे अपवादच. मानमरातबाची गोष्टही फार वेगळी नाही. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमचे पहिले मानकरी १९६१ साली निवडले गेले, त्यांत हँक विल्यम्स होता. त्या सभागृहात जाणारा पहिला पेडल स्टीलवादक पीट ड्रेक. टॅमी वायनेटच्या 'स्टँड बाय युवर मॅन'मध्ये, बॉब डिलनच्या 'ले लेडी ले'मध्ये आणि जॉर्ज हॅरिसनच्या 'ऑल थिंग्ज मस्ट पास'मध्ये ज्याची स्टील आहे, तोच हा. तो १९८८ साली वारला आणि त्याची निवड झाली २०२१ मध्ये. पैसा नाही, लेखी श्रेय नाही आणि सन्मानाला साठ वर्षं. मग पडद्यावर चार सेकंद दिसणं आणि नाव उच्चारलं जाणं यांसाठी चाहते भांडतात, यात बालिश काय आहे?

सगळ्यात वजनदार आक्षेप असा की ही सारी जुन्याची ओढ आहे. संगीत बदलतं, स्टील मागे पडली तर पडली. या आक्षेपाची दखल घेताना चाहत्यांच्या बाजूनं एक कबुली द्यावी लागेल: ज्याला ते परंपरा म्हणतात ती बदलांचीच रास आहे. लोखंड तारांवर सरकवून वाजवण्याची ही तऱ्हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर रुजली. तिचं श्रेय जोसेफ केकुकु यांना दिलं जातं. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को प्रदर्शनातल्या हवाई मंडपामुळे अमेरिकाभर तिचं वेड पसरलं. कंट्रीचे आद्य गायक जिमी रॉजर्स यांनी १९२९ साली जो कायपो या हवाईयन वादकाला बरोबर घेऊन ध्वनिमुद्रण केलं. वीज आली तीही आधी मांडीवरच्या स्टील गिटारमध्येच. वेब पियर्सच्या 'स्लोली'मध्ये बड आयझॅक्सनं पेडल दाबून चालू स्वर वाकवला आणि १९५४ साली ते गाणं गाजल्यावर नॅशव्हिलमधले बहुतेक स्टीलवादक पेडल्सच्या मागे लागले. जेरी बर्ड यांच्यासारख्या थोर वादकाला ते रुचलं नाही. ते बिनपेडलच्या स्टीलशीच एकनिष्ठ राहिले आणि १९७२ साली थेट हवाईला जाऊन राहिले. तेव्हा 'खरी कंट्री' कोणती, हे स्टीलवाल्यांनी फार ताठ मानेनं सांगू नये. मात्र यातून आक्षेप सिद्ध होत नाही. नव्या गायकाच्या नव्या गाण्यात स्टील हवीच, असा हट्ट कुणी धरला तर त्याला जुन्याची ओढ म्हणता येईल. इथे कार्यक्रमच जुन्याच्या नावानं आहे. ज्याला मान द्यायचा म्हणून दिवे लावले, त्याच्या कलाकृतीतलं काय घेतलं आणि काय टाकलं, हा प्रश्न विचारायला ओढ लागत नाही. नीट ऐकलेलं असलं की पुरतं.

मग श्रद्धांजली म्हणजे मूळ ध्वनिमुद्रिकेची नक्कलच का? नाही. रे चार्ल्सनं १९६२ साली कंट्री गाणी घेऊन जी ध्वनिमुद्रिका काढली तिच्यात स्टीलच्या जागी व्हायोलिनांचा ताफा, ब्रास आणि गायकवृंद आहे आणि ती कंट्रीला वाहिलेल्या उत्तम आदरांजलींपैकी एक आहे. तिथे दोन ओळींमधली जागा रिकामी सोडलेली नाही. तिथे दुसरा कोणीतरी तितक्याच अधिकारानं बोलतो. आणि उलट बाजूही आहे. जॉनी कॅशच्या सुरुवातीच्या साथीदारांत रेड कर्नोडल नावाचा स्टीलवादक होता. सन रेकॉर्ड्समधल्या चाचणीच्या वेळी तो इतका गांगरला की सोडूनच गेला आणि कॅशचा तो प्रसिद्ध ठोकळेबाज, कोरडा ठेका स्टीलविना घडला. कॅशच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमात स्टील नाही म्हणून कुणी नाक मुरडत असेल तर त्यानं कॅश ऐकलेला नाही, इतकंच म्हणता येईल. काही चाहते हे करतात. स्टीलचे सेकंद मोजणं आणि गाणं ऐकणं यांत गल्लत करणारे प्रत्येक पंथात असतात.

राहिला दूरचित्रवाणीचा धर्म: लोकांना चेहरे हवेत, वादकाचे गुडघे कोण पाहणार? हा युक्तिवाद मला सगळ्यात पोकळ वाटतो, कारण याच माध्यमानं उलट करून दाखवलं आहे. १९६० पासून दोन दशकं चाललेल्या पोर्टर वॅगनरच्या कार्यक्रमात साधनं बेताची होती, मंच तोकडा होता आणि वादक गायकाच्या अगदी पाठीमागेच दिसायचे. स्टीलवर डॉन वॉर्डन असायचे आणि प्रेक्षक त्यांना नावानं ओळखत. त्याही आधी, १९३० च्या दशकात, बॉब विल्स तर चालू ध्वनिमुद्रणातच आपल्या स्टीलवादकाला, लिऑन मॅकॉलिफला, नाव घेऊन पुकारायचा. आज मंचावर कॅमेऱ्यांची रांग असते, तरी तेवढं जमत नाही. तेव्हा अडचण माध्यमाची नाही, निवडीची आहे.

करायला सोपं असं बरंच काही आहे. सुरुवातीचा तुकडा पूर्ण वाजू द्यावा, तो चालू असताना वादकाचं नाव पडद्याच्या खालच्या पट्टीत यावं, आणि चार गाण्यांची माळ ओवण्यापेक्षा दोनच गाणी अख्खी घ्यावीत. हे होतं तेव्हा कसं ऐकू येतं याचा नमुनाही हाताशी आहे. २०२३ साली गायक व्हिन्स गिल आणि स्टीलवादक पॉल फ्रँकलिन यांनी 'स्वीट मेमरीज' हा संग्रह काढला. तो रे प्राइस यांना वाहिला आहे आणि शीर्षकात त्यांच्याबरोबर त्यांच्या चेरोकी काउबॉइज या वादकवृंदाचंही नाव आहे. मुखपृष्ठावर गायक आणि स्टीलवादक यांची नावं जोडीनं छापली आहेत. आधी तो ऐका आणि मग पुढचा सोहळा पाहायला बसा.