‘या’ म्हणण्याआधी

लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत ११ मुलांची वर्णनं प्रसिद्ध केली आणि स्वमग्नतेची वेगळी नोंद वैद्यकशास्त्रात झाली. पुढची वीस-पंचवीस वर्षं आईला दोष देण्यात गेली. आईची माया आटली म्हणून मूल असं झालं, हे ब्रुनो बेटलहाइम यांच्यासारखे नामवंत छातीठोकपणे सांगत. मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. १९६४ मध्ये पुस्तक लिहून त्यांनी या समजाला हादरा दिला. हळूहळू आईवरचा ठपका पुसला गेला. पण नजर मुलावरच खिळून राहिली. याला चारचौघांसारखं कसं करायचं, एवढाच प्रश्न शाळा आणि संस्था विचारत राहिल्या. चारचौघांनी काय करायचं, हे कुणी विचारत नव्हतं.

तो प्रश्न स्वमग्न प्रौढांनीच विचारला. जिम सिंक्लेअर, डोना विल्यम्स आणि कॅथी ग्रांट यांनी १९९२ मध्ये ‘ऑटिझम नेटवर्क इंटरनॅशनल’ सुरू केलं. पुढच्याच वर्षी टोरांटोच्या परिषदेत सिंक्लेअर यांनी पालकांना सांगितलं, की तुमचं दुःख खरं आहे, पण ते मनात रंगवलेल्या मुलासाठी आहे. जे मूल समोर जिवंत आहे, त्याचा शोक करू नका. स्वमग्नतेवरच्या परिषदांना ही स्वमग्न मंडळी जात, पण तिथली गर्दी, अत्तरांचे वास, झगझगीत दिवे, अचानक उठणारा टाळ्यांचा कडकडाट त्यांना सोसवत नसे. मग १९९६ मध्ये न्यूयॉर्क राज्यात त्यांनी स्वतःचाच मेळावा भरवला. त्याचं नाव ऑट्रीट.

मला या साऱ्या इतिहासात ऑट्रीट सर्वांत मोलाचं वाटतं. तिथे सुगंधी द्रव्यं लावून यायचं नाही, विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही, फ्लॅश तर नाहीच. रंगीत बिल्ल्यांची पद्धतही याच मेळाव्यांतून रूढ झाली. लाल बिल्ला म्हणजे आत्ता माझ्याशी बोलायला येऊ नका. पिवळा म्हणजे ओळखीच्यांनीच यावं. हिरवा म्हणजे मला बोलायचं आहे, पण सुरुवात जमत नाही, तुम्हीच करा. या हिरव्या बिल्ल्यापाशी मी नेहमी थांबते. गप्प बसलेल्या माणसाला एकटंच राहायचं असतं, असं आपण किती सहज धरून चालतो! शिवाय एक तत्त्व होतं: संधी प्रत्येक गोष्टीची, सक्ती कशाचीच नाही. व्याख्यानातून मध्येच उठून गेलं, दिवसभर कुणाशी बोललं नाही, तरी त्या माणसाचा सहभाग पूर्णच मानला जाई. ब्रिटनमध्ये २००५ पासून भरू लागलेल्या ऑटस्केपने हीच वाट धरली.

शास्त्र इथवर पोचायला वेळ लागला. आवाज, प्रकाश, स्पर्श यांबाबतची वेगळी संवेदनशीलता निदानाच्या अमेरिकी नियमावलीत निकष म्हणून आली ती थेट २०१३ मध्ये. त्याआधी वर्षभर डेमियन मिल्टन या स्वमग्न समाजशास्त्रज्ञाने मांडलं होतं, की न समजण्याची अडचण दुहेरी असते. स्वमग्न माणसांना आपण कळत नाही, तसे तेही आपल्याला कळत नाहीत. ज्या संस्था वर्षानुवर्षं फक्त एकाच बाजूला शिकवत आल्या, त्यांना याचं उत्तर द्यावं लागेल.

आपल्याकडे १९९५ च्या अपंगत्व कायद्यात स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली आणि २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत ती आहे. तरीही ‘सुगम्य’ म्हटलं की संस्थाचालकांना अजून रॅम्पच आठवतो. रॅम्प हवाच. पण ढोल कधी वाजणार, सभागृहात अंधार कधी होणार, सत्काराला किती वेळ लागणार, हे आधी न कळल्यामुळे जे घरीच राहतात, त्यांच्यासाठी आपण काय केलं आहे? मोठ्या झालेल्या स्वमग्न मुलाला घेऊन कार्यक्रमाला जाणारे आईवडील शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसतात. लोकांच्या नजरा झेलण्यापेक्षा न गेलेलं बरं, असं पुढे ते ठरवून टाकतात. मग मंडळ म्हणतं, आमच्याकडे असं कुणी येतच नाही.

वाचनालय, गणेशोत्सव मंडळ, नाट्यसंस्था, भजनी मंडळ चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे. निमंत्रणासोबत कार्यक्रमाचा खरा क्रम कळवा: वेळ, जागेचे फोटो, मोठे आवाज कधी होणार, बाहेर पडायचं दार कुठे. मागची एखादी खोली शांत ठेवा आणि तिथे खुर्च्यांची थप्पी रचू नका. कुणी कानांवर हेडफोन लावला, येरझाऱ्या घातल्या, हात हलवले, तर टोकू नका. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. मात्र हे सगळं परस्पर ठरवू नका. तुमच्या गावातल्या एखाद्या स्वमग्न प्रौढाला कार्यकारिणीत घ्या. कुणी बोलून, कुणी टाइप करून, कुणी चित्रं दाखवून मत देईल. ते इतिवृत्तात इतरांच्या मतासारखंच नोंदवा. पुढची बैठक ठरवताना त्यांना सोयीची वेळ आधी विचारा.