मैदानाबाहेरचे न्यायासन

१८ डिसेंबर २०२२ हा आगमनकाळातील चौथा रविवार होता. त्या दिवसाचे शुभवर्तमान संत योसेफाचे. मरीयेची अवस्था ध्यानी आल्यावर, चारचौघांत तिची बेअब्रू होऊ नये म्हणून गुपचूप बाजूला होण्याचे ठरविणारा तो नीतिमान सुतार! सकाळच्या दोन्ही मिस्सांत आम्ही त्याच्यावर प्रवचन केले. दुसऱ्याची अब्रू ज्याच्या जिभेवर आहे त्याने ती जीभ आवरावी, असे आम्ही सांगितले. प्रवचन लोकांना आवडले, हे मिस्सेनंतर देवळाच्या अंगणात कानी आले आणि आम्ही सुखावलो.

त्याच रात्री धर्मग्रामाच्या सभागृहात आमच्या युवक मंडळाने मोठा पडदा लावला होता. कतारमधील विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना, अर्जेंटिना विरुद्ध फ्रान्स. सेमिनरीच्या दिवसांपासून आम्हाला या खेळाचे वेड आहे, हे आमचे धर्मग्रामस्थ जाणतात. म्हणून पहिल्या रांगेतील खुर्ची आमची. जादा वेळ संपला तेव्हा ३-३ अशी बरोबरी होती. निकाल पेनल्टी किकांवर आला. फ्रान्सचा बावीस वर्षांचा चुआमेनी पुढे आला आणि त्याचा चेंडू खांबाबाहेरून गेला. आम्ही अर्जेंटिनाच्या बाजूचे. खुर्चीवरून उठून आम्ही ओरडलो, "अरे, असल्या भित्र्याला संघात घेतले कोणी?" सारे सभागृह खदखदून हसले.

त्या हशात मागच्या बाकावरचा एक सतरा वर्षांचा मुलगा उठून बाहेर गेला. आम्ही ते पाहिले नाही. अर्जेंटिनाने ४-२ अशी बाजी मारली, फटाके वाजले, पेढे वाटले गेले. नाताळ आटोपल्यावर त्या मुलाची आई आमच्याकडे आली तेव्हा आम्हाला सारे समजले. दोन महिन्यांपूर्वी धर्मग्रामांच्या स्पर्धेत शेवटची पेनल्टी याच मुलाने बारवरून घालविली होती. तेव्हापासून 'भित्रा' हा शब्द त्याला नाक्यावर, एसटीच्या थांब्यावर, दुकानात ऐकावा लागत होता. बूट त्याने माळ्यावर टाकून दिले होते. ती माउली रागावली नव्हती. ती म्हणाली, "फादर, तुम्ही त्या फ्रान्सच्या पोराला बोललात, हे मला समजतं. पण माझ्या पोराला वाटलं, आता देवळातूनसुद्धा हेच ऐकायचं."

वाचकहो, तेव्हापासून एक प्रश्न आमचा पिच्छा सोडत नाही. मौजेच्या वेळी, सहज म्हणून, केवळ एक मत म्हणून जे आपण बोलतो, त्याला नीतीचे माप लागते की नाही?

प्रथम एक गैरसमज दूर करू. खेळ पाहणे, त्यात रमणे, त्यासाठी प्रवास करणे हे वेळेचे दिवाळे काढणे आहे, असे काही धर्मशील माणसांना वाटते. ख्रिस्तसभेची शिकवण तशी नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी आपल्या 'सुम्मा थिऑलॉजिए' या महाग्रंथात करमणुकीचा प्रश्न गंभीरपणे हाताळला आहे. तेथे ते एक जुनी कथा सांगतात. शुभवर्तमानकार संत योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळत असलेले पाहून काही लोक बिचकले. त्यांतील एकाच्या हाती धनुष्य होते. योहानाने त्याला बाण सोडायला सांगितले. एक झाला, दुसरा झाला. "असेच सतत सोडत राहशील काय?" असे विचारताच तो म्हणाला, तसे केल्यास धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच आहे, हे योहानाचे उत्तर. संत थॉमस तर याही पुढे जातात. जो स्वतः कधी हसत नाही आणि दुसऱ्याच्या हसण्यातही विरजण घालतो, त्याचाही तो दोषच आहे, असे ते मानतात. तेव्हा रविवारी संध्याकाळी सामना पाहणाऱ्या बापाने अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही.

परंतु याच ठिकाणी ते काही मर्यादा घालतात. त्यांतील पहिली अशी की, करमणुकीचा आनंद कुणाला इजा करणाऱ्या कृत्यांतून किंवा शब्दांतून मिळविलेला नसावा. शब्दांतून! धनुष्याची दोरी सैल करावी, एवढीच परवानगी आहे. सैल दोरीचे धनुष्य दुसऱ्याच्या डोक्यात घालण्याची नाही.

आता कुणी म्हणेल, "फादर, पडद्यावरच्या खेळाडूला आमचे बोलणे थोडेच ऐकू जाते? शिवाय तो कोट्यवधी मिळवतो. चार शब्द ऐकले तर बिघडले काय?" या प्रश्नाचे उत्तर ब्राझीलच्या एका गोलरक्षकाच्या आयुष्यात आहे.

मोआसिर बार्बोझा हे त्याचे नाव. १६ जुलै १९५० रोजी रिओ द जानेरोच्या माराकाना मैदानावर ब्राझील आणि उरुग्वे यांच्यात विश्वचषकाचा निर्णायक सामना झाला. ब्राझीलला बरोबरीही पुरेशी होती. पाऊणेदोन लाखांच्या आसपास लोक जमले होते. १-१ अशी बरोबरी असताना, अकरा मिनिटे उरली असता, उरुग्वेचा घिजिया उजव्या बगलेने आत शिरला. आधीच्या गोलाच्या वेळी त्याने चेंडू आत सहकाऱ्याकडे दिला होता. या वेळीही तो तसेच करील, या अंदाजाने बार्बोझा एक पाऊल पुढे सरकला; आणि घिजियाने खांब व गोलरक्षक यांच्यामधल्या फटीतून चेंडू थेट जाळ्यात मारला. अंदाज चुकला, पण तो जाणकार खेळाडूचा अंदाज होता. संघ अकरा जणांचा असताना पराभवाचे खापर मुख्यतः तीन कृष्णवर्णीय खेळाडूंच्या माथी फुटले आणि त्यांतले सर्वांत मोठे बार्बोझाच्या.

पुढे काय झाले? त्याला कुणी मारले नाही, कुणी तुरुंगात टाकले नाही. लोकांनी फक्त मत दिले. चहाच्या टेबलावर, बसमध्ये, दुकानात लोक ते मत देत राहिले. वीस वर्षांनी एका दुकानात एका बाईने आपल्या लहानग्याला त्याच्याकडे बोट दाखवून सांगितले की, सगळ्या ब्राझीलला रडविणारा माणूस तो हाच. १९९३ मध्ये राष्ट्रीय संघाचा सराव पाहायला गेला असता अपशकुन होईल म्हणून त्याला दूर ठेवण्यात आले. ब्राझीलमध्ये जास्तीत जास्त शिक्षा तीस वर्षांची असते, आपण मात्र पन्नास वर्षे भोगत आहोत, असे तो म्हणे. २००० साली तो वारला. वाचकहो, त्या बाईचा विचार करा. ती बहुधा आपल्यासारखीच कॅथलिक असावी, रविवारी मिस्सेला जाणारी असावी. आपण काही पाप करीत आहोत, असे तिच्या मनालाही शिवले नसेल. एक खेळप्रेमी म्हणून तिने सहज एक मत मांडले, एवढेच!

ही जन्मठेप निदान शब्दांची होती. कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारच्या नशिबी तेवढेही आले नाही. १९९४ च्या विश्वचषकात अमेरिकेविरुद्ध त्याच्या पायाला लागून स्वतःच्याच जाळ्यात चेंडू गेला. संघ बाद झाल्यावर त्याने मायदेशातील एका दैनिकात लिहिले होते की, आयुष्य येथे संपत नाही. २ जुलै १९९४ रोजी मेदेयिन शहरात त्याला त्या स्वयंगोलावरून डिवचण्यात आले आणि नंतर गोळ्या घालण्यात आल्या. बंदूक एकाच्या हाती होती, हे खरे. परंतु त्या एकाच्या कानावर आधी किती जणांची 'सहज मते' पडली असतील? ठिणगी लहान असते, रान मोठे असते, हे संत याकोबाने आपल्या पत्रात जिभेविषयीच लिहून ठेवले आहे.

खेळाडूप्रमाणेच प्रतिस्पर्धी संघाचे चाहते हेही आपल्या जिभेचे भक्ष्य असतात. येथे आम्ही आपल्याच घरचे उदाहरण देतो. ग्लासगो शहरातील सेल्टिक हा संघ कॅथलिकांचा म्हणून जगभर ओळखला जातो. १८८७ साली सेंट मेरीज चर्चच्या सभागृहात ब्रदर वॉलफ्रिड या आयरिश मॅरिस्ट ब्रदरांनी तो स्थापन केला. हेतू हा की, शहराच्या पूर्व भागातील गरीब मुलांच्या जेवणासाठी पैसा उभा राहावा. उपाशी मुलाच्या ताटातून जन्मलेला हा संघ! २८ मे १८८८ रोजी त्याचा पहिला सामना रेंजर्सशी झाला आणि तो मित्रत्वाचा होता. पुढे मात्र या दोन संघांच्या नावाने कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांनी एकमेकांचा पिढ्यान्‌पिढ्या द्वेष केला. दीर्घकाळ कॅथलिक खेळाडूंना दूर ठेवणाऱ्या रेंजर्सने १९८९ मध्ये मो जॉन्स्टन या कॅथलिक खेळाडूला करारबद्ध केले, तेव्हा रेंजर्सच्या काही चाहत्यांनी आपले गळपट्टे जाळले. आणि आपल्या बाजूच्या चाहत्यांनी त्याला 'यहुदा' म्हटले. ज्या नावाचा उच्चार आपण पवित्र आठवड्यात थरथरत्या ओठांनी करतो, ते नाव एका तरुणाने नोकरी बदलली म्हणून त्याच्या कपाळी मारले गेले. येथे आम्हाला आमच्या सभागृहातील हशाची आठवण होते.

पण याच ग्लासगोने दुसरेही दृश्य पाहिले आहे. २ जानेवारी १९७१ रोजी रेंजर्सच्या आयब्रॉक्स मैदानावर या दोघांचाच सामना संपला. घरी परतणाऱ्या गर्दीत जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन ६६ माणसे मेली. त्याच महिन्याच्या २७ तारखेला हॅम्पडेन पार्कवर मृतांच्या कुटुंबीयांच्या मदतीसाठी सामना झाला. त्यात रेंजर्स आणि सेल्टिक यांचे खेळाडू एकाच संघातून, खांद्याला खांदा लावून स्कॉटलंडच्या संघाविरुद्ध खेळले. समोरचा माणूस हा माणूस आहे, हे कळण्यासाठी ६६ शवपेट्या लागाव्यात काय?

प्रवासाचेही तसेच. गाव सोडले की माणसाची जीभ अधिक सुटते. तेथे आपल्याला ओळखणारे कुणी नसते. वेलंकनीला गाडी भरून जातानाही रोझरी संपली की कुणाच्या सुनेविषयी काय बोलणे चालते, हे आम्ही पुढच्या आसनावरून ऐकले आहे. म्हणून सेल्टिकच्याच चाहत्यांची एक गोष्ट सांगावीशी वाटते. २१ मे २००३ रोजी स्पेनमधील सेव्हिल येथे युएफा चषकाचा अंतिम सामना होता. सेल्टिकचे सुमारे ऐंशी हजार चाहते तेथे पोहोचले. मैदानात तेवढी जागाच नव्हती. बहुतेकांपाशी तिकीट नव्हते. जादा वेळेत पोर्तोने ३-२ असा सामना जिंकला. एवढा खर्च, एवढी दगदग आणि पदरी पराभव! तरीही ते लोक परक्या शहरात इतके सौजन्याने वागले की, त्या वर्षीचा फिफाचा 'फेअर प्ले' पुरस्कार त्या चाहत्यांनाच देण्यात आला. खेळाडू हरले, प्रेक्षक जिंकले. प्रेक्षकालाही स्वतःचा एक खेळ खेळायचा असतो आणि त्याचे नियम असतात, हे त्या ऐंशी हजारांनी दाखवून दिले.

मग सामन्याविषयी काहीच बोलू नये काय? तसे आम्ही म्हणत नाही. मुके होऊन फुटबॉल पाहणे म्हणजे मिठाविना सांबारे. चेंडू उशिरा दिला, बचावफळी पुढे सरकली, पाय चुकीचा वापरला, हे सारे बोलावे. त्यात जाणकारी आहे आणि आनंदही आहे. परंतु 'किक चुकली' आणि 'तो भित्रा आहे' या दोन वाक्यांत फार अंतर आहे. पहिले वाक्य पायाविषयी आहे, दुसरे अंतःकरणाविषयी. आणि अंतःकरण पाहण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? संत इग्नाती यांनी आपल्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकाच्या आरंभीच सांगितले आहे की, भल्या ख्रिस्ती माणसाने दुसऱ्याच्या बोलण्याचा वाईट अर्थ काढण्यापेक्षा चांगला अर्थ घेण्यास तत्पर असावे. मिनिटभरात सबंध जगाचे डोळे ज्याच्यावर खिळणार आहेत, अशा बावीस वर्षांच्या मुलाने पन्नास पावले चालत जाऊन चेंडू ठिपक्यावर ठेवला, याचा चांगला अर्थ घेणे कठीण होते काय? भित्रा माणूस तेथवर जातच नाही. हे आम्हाला सुचले, पण तीन आठवड्यांनी.

प्रभू येशूने तर मनुष्याच्या प्रत्येक रिकाम्या शब्दाचा हिशेब न्यायाच्या दिवशी होईल, असे सांगितले आहे. आजवर आम्ही हे वचन वाचून पुढे जात असू. विचारपूर्वक बोललेल्या शब्दांचा हिशेब समजतो. रिकाम्या शब्दांचा का? आता वाटते, विचार करून बोलताना आपण सजून-धजून उभे असतो. प्रवचनपीठावरचे आम्ही तसेच होतो. रिकाम्या वेळी निसटलेला शब्द मात्र अंतःकरणात खरोखर काय साठले आहे ते सांगून जातो. सकाळी योसेफावर बोलणारे आम्ही आणि रात्री ओरडणारे आम्ही, यांपैकी खरे कोण, याचा हिशेब आम्हाला द्यायचा आहे.

त्या मुलाच्या घरी आम्ही गेलो आणि त्याची क्षमा मागितली. तो ओशाळला. खाली पाहत म्हणाला, "जाऊ द्या, फादर. तुम्ही मस्करीत बोललात." त्याने आम्हाला उदार मनाने सोडून दिले, परंतु नेमके तेच वाक्य आमच्या मनाला बोचत राहिले. बूट अद्याप माळ्यावरच आहेत.

सभागृहात सामने दाखविणे आम्ही बंद केलेले नाही. पहिल्या रांगेतील खुर्ची मात्र सोडली आहे. मागच्या बाकावर बसतो. तेथून पडदा थोडा लहान दिसतो, पण आपल्या बोलण्याने कोण हसते आणि कोण उठून जाते, हे तेथून नीट दिसते.