पन्नास-पन्नासांच्या पंगती



आज ख्रिस्तशरीराचा सण. आजच्या शुभवर्तमानात संत लूक आपल्याला पाच हजारांच्या जेवणाची घटना सांगतो. दिवस कलला आहे, जागा आडरानाची आहे. शिष्य प्रभूला सुचवतात की लोकांना आता निरोप द्यावा, म्हणजे ते आसपासच्या गावांत जाऊन आपली सोय पाहतील. प्रभू ती सूचना मानत नाही. खायला देण्याचे काम तो शिष्यांवरच सोपवतो. पाच भाकरी आणि दोन मासे पुढे येतात. इथपर्यंतचे सगळ्यांच्या लक्षात असते. त्यानंतरचा तपशील मात्र आपण ऐकून न ऐकल्यासारखा करतो. प्रभू लोकांना पन्नास-पन्नासांचे गट करून बसवायला सांगतो. भाकर मोडण्याआधी माणसे एकमेकांसमोर बसली. गर्दीची पंगत झाली.

गेल्या महिन्यात पॅरिश कौन्सिलच्या सभेत मला याची आठवण झाली. जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यासाठी तुम्ही मनापासून दिलेला निधी जमा झाला आहे. तिथे एक छोटे सभागृह बांधावे, असे बहुतेकांचे मत पडले. मी निर्णय पुढे ढकलायला लावला. काही जण नाराज झाले, एकाने तर फादरना गरिबांची घाई नाही असेही म्हटले. म्हणून माझे कारण सांगतो.

दहा-बारा वर्षांपूर्वी, मी दुसऱ्या पॅरिशमध्ये असताना, आम्ही अशाच एका पाड्यावर सहा शिवणयंत्रे दिली. हार-तुरे झाले, फोटो निघाले. दीड वर्षाने जानेवारीत गेलो, तर चार घरांना कुलूप. एका घरी म्हातारी होती. यंत्र कोपऱ्यात, वर गोधडी टाकलेली. तिची सून कुठे, विचारले. "भट्टीवर," ती म्हणाली. दिवाळी झाली की पाडा रिकामा होतो आणि पाऊस जवळ आला की माणसे परत येतात, हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक होते. पावसाळ्यात घरात दाणा नसताना मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडायला सगळे घर विटा पाडायला जाते. आम्ही शिवायला यंत्र दिले, पण शिवायला तिथे राहणार कोण, हे विचारले नव्हते. ते विचारायला काही पैसे पडले नसते.

सभागृहाचेही तसेच होईल, अशी मला भीती वाटते.

अशा वेळी मला कॅनडातील दोन धर्मगुरू आठवतात. अटलांटिक किनाऱ्यावरच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातले फादर जिमी टॉम्प्किन्स हे एका कॅथॉलिक विद्यापीठात मोठ्या हुद्द्यावर होते. विद्यापीठाच्या एका प्रश्नावर त्यांचे बिशपांशी मतभेद झाले आणि 1922 च्या अखेरीस त्यांची रवानगी कॅन्सो या गरीब मच्छीमार गावी झाली. (बदलीची कुरकुर करणाऱ्या आम्हा धर्मगुरूंनी हे ध्यानात ठेवावे.) तिथला मच्छीमार व्यापाऱ्याकडून जाळी, दोर, पीठ उधार घेई आणि त्या बदल्यात त्याच व्यापाऱ्याला, त्याच व्यापाऱ्याने ठरवलेल्या भावाने मासळी घाली. हिशेबाची वही व्यापाऱ्याची. आपल्या कोळीवाड्यातल्या जुन्या माणसांना यात नवीन काही वाटणार नाही.

टॉम्प्किन्स धान्य वाटत बसले नाहीत. धक्क्यावर जाऊन ते प्रश्न विचारत, पत्रके वाचायला देत. 1927 साली मच्छीमारांच्या हलाखीची चौकशी करायला सरकारी आयोग आला, तेव्हा त्यांच्या नात्यातले फादर मोझेस कोडी यांनी त्यापुढे साक्ष दिली. 1928 साली अँटिगोनिश येथील सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठाने लोकशिक्षणाचा विभाग काढला आणि कोडी त्याचे संचालक झाले. त्यांची पद्धत साधी होती. गावात मोठी सभा घ्यायची, आणि नंतर आठ-दहा जणांचे अभ्यासमंडळ कुणाच्या तरी स्वयंपाकघरात बसवायचे. आपल्या शेवंडीला इथे काय मिळते? बॉस्टनच्या बाजारात तिचा भाव काय? मधले पैसे कुठे जातात? अक्षरओळख नसलेल्यांना शेजारी वाचून दाखवत. कॅन्सोजवळच्या लिटल डोव्हरच्या मच्छीमारांनी स्वतः रानातून लाकूड तोडून आणून शेवंडी डबाबंद करण्याचा कारखाना उभारला. इमारत तिथेही झाली, पण बैठकीनंतर. 1930 साली मच्छीमारांचा संघ झाला, पुढे पतसंस्था निघाल्या, आणि ते दशक संपेपर्यंत अभ्यासमंडळांची संख्या हजारावर गेली.

ही काही स्वर्गराज्याची गोष्ट नव्हे. काही सहकारी संस्था बुडाल्या, आणि 1990 च्या दशकात त्या समुद्रातला कॉड मासाच इतका घटला की कित्येक गावे ओस पडत गेली. पण आपला हिशेब आपण वाचायचा, ही सवय त्या माणसांना लागली.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्विनासचा एक विचार मला तेव्हा नुसता पाठांतराचा वाटला होता. देव सगळे स्वतः करू शकतो, तरी तो सृष्टीलाही कारण होण्याचा मान देतो. हे त्याचे दुबळेपण नव्हे, औदार्य आहे. शिवणयंत्रांनंतर मला तो विचार कळला. आम्ही त्या बायकांना वस्तू दिली आणि तो मान आमच्याकडेच ठेवला.

वसईकरांना हे परके नाही. 1918 साली मोन्सिनियर मोनीस यांनी इथे पतपेढीचे बी लावले. आज जिला आपण कॅथॉलिक बँक म्हणतो, ती कुणा परदेशी दात्याने बांधून दिलेली इमारत नव्हती. आपल्या आजोबा-पणजोबांनी मोजके पैसे एकत्र ठेवले आणि एकमेकांना जामीन राहिले. त्यांना जे साधले ते वारली-कोकणा बांधवांना साधणार नाही, असे आपण मनात कुठे तरी धरून चाललो आहोत का?

आणखी एक अवघड गोष्ट. ती माणसे ज्या भट्ट्यांवर येतात, त्यांतल्या काही आपल्याच तालुक्यात आहेत. त्या विटांची घरे आपली आहेत. आठवड्याची खर्ची किती, उचलीतून किती कापले, याची वही कोण लिहितो? पाड्यावर सभागृह बांधायला जाताना या वहीजवळून आपण रोज जातो.

म्हणून माझी विनंती अशी. निधी तूर्त बँकेतच राहू द्यावा. आता पाऊस लागला आहे, माणसे पाड्यावर परतली आहेत, आणि नवी उचल याच दिवसांत घेतली जाते. दिवाळीपर्यंत महिन्यातून एक रविवार देऊ शकतील असे सहा-सात जण मला हवेत; निदान तीन महिला, आणि एक तरी हिशेब जाणणारा. सोबत काही वाटायला न्यायचे नाही. एखाद्या पडवीत बसायचे, उचल किती आणि कशासाठी घेतली जाते ते ऐकायचे, आणि त्यांची वही त्यांनाच लिहिता येईल का ते त्यांच्याबरोबर पाहायचे. तिथून सभागृहाचीच मागणी आली, तर पहिली वीट वाहायला मी येईन.

नावे आज दुसऱ्या मिस्सेनंतर पॅरिश ऑफिसमध्ये द्यावीत. सभेत माझ्यावर रागावलेल्यांनी आधी यावे.

ख्रिस्तात आपला,
प्रमुख धर्मगुरू