आधी कोण गेलं?

साताऱ्याहून सांगलीला जाणारी एसटी हायवेवर नागठाण्यापाशी आली की माझा मित्र खिडकीतून हात जोडायचा. “बालगंधर्वांचं गाव,” म्हणायचा. इंजिनिअरिंगची पहिली दोन वर्षं आम्ही दोघांनीही हे खरं मानलं होतं. मग एकदा कंडक्टरनं ऐकलं आणि तिकिटं फाडता फाडता म्हणाला, “पोरांनो, ते नागठाणं हे नव्हं. ते तिकडं पलूस तालुक्यात, कृष्णाकाठी. सांगली जिल्ह्यात.” अख्खी गाडी हसली. पुढच्या वेळी नागठाणं आलं तेव्हा यानं पुन्हा हात जोडले. मी बघतोय म्हटल्यावर म्हणाला, “पोचतो रे नमस्कार.”

गंमत म्हणजे हा मुलगा नाट्यसंगीत गाणारा नव्हता. आमच्या कॉलेजच्या रॉक बँडचा तो गायक होता. नाट्यसंगीत आजोबांच्या टेपरेकॉर्डरमुळे कानावर पडलेलं, एवढंच. गॅदरिंगला तो माइकपाशी आला की मागच्या रांगेतली पोरं खुर्च्यांवर उभी राहायची. मी वायरी उचलायचो, मिक्सरपाशी बसायचो. मला गाता येत नव्हतं, पण आपण कशाच्या तरी जवळ उभे आहोत हे कळत होतं.

नोकरी लागल्यावर वर्षभरात त्यानं ती सोडली आणि मुंबई गाठली. बँड पुढे टिकला नाही. गेली दोन वर्षं तो एका मालिकेत नायकाचा चुलतभाऊ आहे. दिवाणखान्यात उभा राहतो, कुणीतरी काहीतरी भयंकर बोलतं, कॅमेरा तीनदा त्याच्या तोंडावर जातो आणि तो दचकतो.

आमच्या बॅचच्या ग्रुपवर कुणीतरी त्या दचकण्याची क्लिप टाकली. खाली लिहिलं, ‘आपला रॉकस्टार’. हसण्याच्या इमोजींची रांग लागली. मी लिहिलं, “वाया गेला यार.” तो त्याच ग्रुपमध्ये आहे. त्यानं मेसेज वाचल्याचं मला दिसलं. तो काही बोलला नाही.

हा लेख त्या तीन शब्दांबद्दल आहे.

*

वाया गेला म्हणजे नेमकं काय झालं? दूध वाया जातं, पाणी वाया जातं, कारण ते कुणाच्या तरी उपयोगाचं होतं आणि आता राहिलं नाही. माणसाबद्दल आपण हे म्हणतो तेव्हा तो कुणाच्या उपयोगाचा होता? त्याच्या स्वतःच्या की आपल्या?

मला उत्तर सुचेना, तेव्हा मी त्या चुकीच्या नमस्काराच्या मागे गेलो. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, यांच्याबद्दल मिळेल ते वाचलं. कारण मराठीत ‘कुठे होते आणि कुठे गेले’ ही गोष्ट सगळ्यात जास्त वेळा त्यांच्याबद्दलच सांगितली जाते.

थोडक्यात सांगतो. जन्म १८८८. १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि मिरजेत शकुंतला म्हणून उभे राहिले. पुढची पंचवीसेक वर्षं मराठी रंगभूमीवरची ‘स्त्री’ म्हणजे ते. ‘मानापमान’ची भामिनी, ‘स्वयंवर’ची रुक्मिणी, ‘एकच प्याला’ची सिंधू. बायका त्यांचं बघून साड्या नेसायच्या, केसांत गजरे माळायच्या. प्रयोग रात्री सुरू व्हायचा आणि ‘वन्स मोअर’ घेत घेत पहाटेपर्यंत चालायचा. रॉकस्टार हा शब्द तेव्हा नव्हता, पण वस्तू होती.

१९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्याबरोबर त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. मग सुरू झाला तो थाट. खरे शालू, खरी अत्तरं, तबल्याला अहमदजान थिरकवा, सारंगीला कादरबक्ष. सगळे पगारी. मंडळीचं बिऱ्हाड गावोगाव रेल्वेनं हलायचं, पडद्यांसकट, भटारखान्यासकट. हिशेबाकडे मालकाचं लक्ष नाही. भागीदार एकेक करून बाहेर पडले. १९२१ च्या सुमारास डोक्यावर प्रचंड कर्ज होतं. चाहत्यांनी निधी जमवून ते फेडायची तयारी दाखवली, तर यांनी नाही म्हटलं. गाऊन फेडेन म्हणाले आणि काही वर्षांत फेडलंही.

इथपर्यंतची गोष्ट आपण अभिमानानं सांगतो. पुढची सांगताना आवाज खाली येतो.

१९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला. १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला, म्हणजे पडदा मराठी बोलू लागला. पहाटेपर्यंत चालणाऱ्या नाटकाच्या तिकिटापेक्षा कमी पैशांत दोन-अडीच तासांत गाणी, गोष्ट आणि खरीखुरी बाई. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरनं ‘आंधळ्यांची शाळा’ आणलं. त्यात रंगमंचावरही स्त्रियांच्या भूमिका स्त्रियाच करत होत्या. चाळिशी ओलांडलेल्या, अंगानं सुटलेल्या पुरुषानं सोळा वर्षांची रुक्मिणी होणं, हा जो करार पंचवीस वर्षं प्रेक्षकांनी आनंदानं पाळला होता, तो दोन-तीन वर्षांत मोडला. कंपनी पुन्हा कर्जात गेली.

मग नारायणराव सिनेमात गेले. १९३५ मध्ये प्रभातचा, व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला ‘धर्मात्मा’. ते संत एकनाथ झाले होते, पुरुषाच्या वेशात. ज्यांनी त्यांना शालूत पाहिलं होतं त्यांना ते रुचलं नाही. प्रभातबरोबरचा तो एकच चित्रपट झाला. त्यानंतर त्यांच्या रंगमंचावरच्या मीराबाईचं बाबुराव पेंटरांनी चित्रीकरण केलं. यावेळी ते पुन्हा स्त्रीवेशात होते. तेही चाललं नाही. नाटकात तिसऱ्या रांगेतून दिसणारा चेहरा वेगळा आणि कॅमेऱ्यानं हातभर अंतरावरून पाहिलेला वेगळा. नाटकातला प्रेक्षक डोळे थोडे मिटून, कान उघडे ठेवून बघायचा. कॅमेऱ्याला कान नसतात.

म्हणजे आधी लोकांना ते बाई म्हणून चालेनात, मग पुरुष म्हणून रुचेनात, आणि शेवटी पुन्हा बाई म्हणूनही नकोसे झाले.

*

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण म्हणतात, त्यांनी वेळीच थांबायला हवं होतं. सिनेमात जायला नको होतं. गोहरबाईंना कंपनीत आणायला नको होतं. पांगुळलेल्या पायांनी शेवटपर्यंत गात राहायला नको होतं. म्हणजे थोडक्यात, आमच्या आठवणीतल्या बालगंधर्वांना या जिवंत माणसानं हात लावायला नको होता.

मीही हेच मानत होतो. पण तारखा ओळीनं मांडल्यावर एक साधी गोष्ट दिसली. आधी कोण गेलं? नारायणराव नाटक सोडून सिनेमाकडे गेले ते १९३५ मध्ये. त्यांचा प्रेक्षक त्यांच्या दोन-तीन वर्षं आधीच गेला होता. तो गेला म्हणून तिकीटबारी ओस पडली, ती ओस पडली म्हणून कर्ज वाढलं, आणि कर्ज वाढलं म्हणून ते प्रेक्षकाच्या मागोमाग त्याच दारातून आत गेले. तिथे प्रेक्षक त्यांना म्हणाला, तुम्ही इथे? तुम्हाला शोभत नाही.

सांगलीत हे एकदाच घडलं नाही. मास्टर दीनानाथ मंगेशकरांची बलवंत संगीत मंडळीही त्याच वाटेनं गेली. त्यांनी सांगलीत चित्रपट कंपनी काढली, १९३४ मध्ये ‘कृष्णार्जुन युद्ध’ केला, आणि त्यात त्यांचं आर्थिक कंबरडं मोडलं. १९४२ मध्ये ते गेले तेव्हा एक्केचाळीस वर्षांचे होते आणि थोरली मुलगी लता बारा वर्षांची. ज्या सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, जिथे देवल आणि खाडिलकर वाढले, त्या नाट्यपंढरीत दोन पिढ्यांचं गाणं एका नव्या यंत्रानं काही वर्षांत निरुपयोगी ठरवलं. हे सगळे एकाच वेळी ‘वाया गेले’ म्हणायचं, की काळानं आणि आपण मिळून त्यांच्या पायाखालची सतरंजी ओढली म्हणायचं?

*

दुसरी गोष्ट मला जास्त त्रास देते.

बालगंधर्वांबद्दलची सगळ्यात प्रसिद्ध आठवण १२ मार्च १९११ ची आहे. मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग. त्या दिवशी त्यांची लहान मुलगी गेली. तरी ते संध्याकाळी भामिनी म्हणून उभे राहिले. ही गोष्ट ऐकवताना लोकांचे डोळे भरून येतात. केवढी निष्ठा! शाळेत मीही भाषणात सांगितली आहे आणि टाळ्या घेतल्या आहेत.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. घरात मूल गेलेलं असताना हा माणूस आपल्यासाठी गायला, तेव्हा आपण त्याला थोर म्हटलं. पुढे पोटासाठी, कंपनीतल्या माणसांसाठी, देणेकऱ्यांसाठी तो आपल्याला न आवडणाऱ्या ठिकाणी गेला, तेव्हा आपण चुकचुकलो. म्हणजे निष्ठा या शब्दाचा आपला अर्थ काय? त्यानं घराची किंमत देऊन आपली सोय केली तर निष्ठा, आणि आपली गैरसोय करून घर सांभाळायला बघितलं तर अधःपतन?

आणि त्या दिवशी लक्ष्मीबाई, त्यांची पत्नी, काय करत होत्या, हे त्या भाषणात मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. टाळ्या वाजवणाऱ्या कुणालाही वाटलं नाही.

मला इथे सोपी सुटका नको आहे. कलाकार बिचारा आणि प्रेक्षक दुष्ट, असं हे नाही. नारायणरावांची उधळपट्टी खरी होती. त्या थाटाची किंमत फक्त त्यांनी मोजली नाही, पगारावर जगणाऱ्यांनी आणि घरच्यांनीही मोजली. मीराबाईचा तो सिनेमा वाईट असेल तर वाईटच म्हणायला हवं. प्रेक्षकालाही हक्क आहेत. तिकीट काढायचं की नाही, हा हक्क आहे. आवडलं नाही म्हणायचा आहे. उठून जायचाही आहे. मी स्वतः एखादी जुनी प्रोग्रामिंग लँग्वेज सोडताना ती बनवणाऱ्याच्या घरची चूल कशी पेटते याचा विचार करत नाही, आणि उद्या माझं काम यंत्र करू लागलं तर कंपनी माझा विचार करेल अशी माझीही अपेक्षा नाही.

पण उठून जाणं वेगळं, आणि उठून गेल्यावर मागे राहिलेल्या माणसानं रिकाम्या खुर्च्यांपुढे उभं राहून आपली आठवण राखावी अशी अपेक्षा करणं वेगळं. पहिला हक्क तिकिटाच्या पैशात येतो. दुसरा कुठल्याच पैशात येत नाही. आपण ज्याला ‘त्यानं वेळीच थांबायला हवं होतं’ म्हणतो, त्यात एक न बोललेला अर्धा भाग असतो: ‘...आणि पुढे कसं जगायचं ते त्याचं त्यानं बघायला हवं होतं, आम्हाला न दाखवता.’

नारायणराव ते न दाखवता जगले नाहीत, एवढाच त्यांचा दोष. ते गात राहिले. १९६४ मध्ये पद्मभूषण मिळालं, १९६७ मध्ये ते गेले, आणि पुढच्या वर्षी पुण्यात त्यांच्या नावाचं रंगमंदिर उघडलं. थांबलेल्या माणसावर आपलं फार प्रेम असतं.

*

आता माझ्या मेसेजकडे येतो.

कॉलेज सुटल्यावर त्या बँडचे पुण्यात चार कार्यक्रम झाले. मी तेव्हा पुण्यातच नोकरीला होतो. एकालाही गेलो नाही. एकदा रिलीज होतं, एकदा पाऊस होता, एकदा नुसताच कंटाळा. त्यांनी स्वतःच्या पैशांनी रेकॉर्ड केलेलं गाणं मी लाइक केलं होतं, शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. ग्रुपवर हसणाऱ्या कुणीतरी कधी एखादं तिकीट काढलं असेल, तर मला ठाऊक नाही. तो मालिकेत जायच्या कितीतरी आधी आम्ही तिथून निघून गेलो होतो. आमच्या चांगल्या दिवसांची एक आठवण त्याच्यापाशी ठेव म्हणून ठेवली होती, आणि ती त्यानं नीट सांभाळली नाही म्हणून आम्ही चिडलो होतो.

मागच्या आठवड्यात मी त्याच्या मालिकेचा एक अख्खा भाग पाहिला. मालिका वाईटच आहे. पण एका प्रसंगात तो आईच्या उशाशी बसून औषध देतो, आणि तेवढं त्यानं चांगलं केलं आहे. चमचा ओठांपाशी नेताना आपलंही तोंड किंचित उघडतं ना, तसं त्याचं उघडलं.

मी फोन केला. माफी वगैरे नीट जमली नाही. म्हटलं, “ते ग्रुपवर मी जे लिहिलं...”

“अरे सोड,” तो म्हणाला. “महिन्याला वेळेवर पैसे येतात. बाबांचं ऑपरेशन त्यातच झालं.”

ऑपरेशन झाल्याचं मला माहीत नव्हतं.

मी त्या चमच्याच्या प्रसंगाबद्दल सांगितलं. तो जरा वेळ गप्प राहिला. मग विचारलं, “खरंच पाहिलास?” मी हो म्हटलं. गाण्याचं काय, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. त्याला सांगायचं असेल तेव्हा तो सांगेल.

“चल,” तो म्हणाला, “उद्या सकाळी सातचा कॉल टाइम आहे.”