काय वाजवता?

एका शहरात गिटारचे अ‍ॅम्प बनवणारा एक कारागीर होता. आधी तो रेडिओ दुरुस्त करायचा. जुन्या फेंडर चॅम्पच्या धर्तीवरचे छोटे अ‍ॅम्प तो हाताने जोडायचा. तीन व्हॉल्व्ह, आठ इंची स्पीकर, पाच वॉटची ताकद आणि आवाजाचं एकच बटण. ते बरे खपत.

मग दुकानांत परदेशी डिजिटल अ‍ॅम्प आले. एकाच पेटीत डझनभर नामांकित अ‍ॅम्पचे आवाज. कारागिराला आपलं काम केविलवाणं वाटू लागलं. त्याने कर्ज काढलं, वर्षभर खपला आणि एक मोठा अ‍ॅम्प तयार केला. त्यात रिव्हर्ब होता, डिले होता, कोरस होता, शंभर आवाज साठवायची सोय होती, पायाने दाबायची बटणं होती. किंमत छोट्याच्या पाचपट.

वादक आले. तासन् तास बटणं फिरवत बसले. "जबरदस्त आहे," म्हणाले आणि निघून गेले.

एका संध्याकाळी एक मुलगी आली. ती ब्लूज वाजवायची. मोठ्या अ‍ॅम्पवर एकेक आवाज लावून पाहिला आणि म्हणाली, "काका, यात सगळं आहे. पण मी हळू छेडलं काय नि जोरात छेडलं काय, याला फरकच पडत नाही."

कोपऱ्यातल्या छोट्या अ‍ॅम्पला तिने पिन लावली. बटण बरंच पुढे नेलं. तार हलकेच छेडली, तर सूर स्वच्छ आला. जोरात छेडली, तर तोच सूर कडांना फाटला, खरखरीत झाला. मग वाजवता वाजवता तिने करंगळीने गिटारवरचं बटण किंचित मागे घेतलं, आणि खरखर निवली. अ‍ॅम्पला पुन्हा हातही न लावता तिने त्यातून चार तऱ्हेचे आवाज काढले. जाताना तोच घेऊन गेली.

कारागिराला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी तो मोठा अ‍ॅम्प खोलायला बसला. दोन स्क्रू निघाले असतील, तोच ऑर्केस्ट्रातला एक गिटारवाला दारात आला.

"थांबा, थांबा! एका रात्रीत आम्ही तीस-चाळीस गाणी वाजवतो. दर गाण्याचा आवाज वेगळा. हात तर गिटारवर गुंतलेले." त्याने पायाने एक बटण दाबलं, मग दुसरं. आवाज क्षणात बदलला. त्याने घासाघीस न करता पैसे मोजले.

अ‍ॅम्प दोन्ही चांगले होते. चूक झाली होती ती विचारण्यात. दुसऱ्यांच्या अ‍ॅम्पमध्ये काय काय असतं, एवढंच कारागिराने पाहिलं होतं. समोरचा माणूस काय वाजवतो, हे विचारायचं राहून गेलं होतं. चॅम्प बनवणाऱ्या लिओ फेंडरचंही १९३८ पासून कॅलिफोर्नियातल्या फुलरटनमध्ये रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. तो आपली वस्तू वादकांच्या हाती देई आणि ते काय म्हणतात ते ऐकून घेई.

पुढे एक मुलगा वडिलांना घेऊन आला आणि सगळ्यात महागडा अ‍ॅम्प मागू लागला. कारागिराने त्याला स्टूल दिलं आणि काय वाजवतोस, कुठे वाजवतोस, ते विचारलं. मुलगा अजून कॉर्ड शिकत होता. घर चाळीत, दोन खोल्यांचं, आणि भिंतीपलीकडे तान्हं बाळ. कारागिराने त्याला काहीच विकलं नाही.

"कॉर्ड नीट पडायला लागल्या की ये," तो म्हणाला. "तेव्हा तुझं ऐकू आणि मग ठरवू."